तिकीट येतं कुठून?

१७ ऑगस्ट २०२३. मध्य प्रदेशात विधानसभेची निवडणूक जाहीर व्हायला अजून साडेसात आठवडे होते. पोळा व्हायचा होता आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात होणारी दगडफेकीची जत्रा, गोटमारही. त्या दिवशी दिल्लीहून भारतीय जनता पक्षाने मध्य प्रदेशातल्या ३९ जागांची यादी काढली. त्यात दोन नावं सौंसर-पांढुर्ण्याच्या टापूतली होती. सौंसरमधून नानाभाऊ मोहोड आणि पांढुर्ण्यातून पूर्वी न्यायाधीश असलेले प्रकाश उइके. पांढुर्णा हा जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके काढून ५ ऑक्टोबरला तो जन्माला आला आणि चारच दिवसांनी आचारसंहिता लागली. म्हणजे सरकारदरबारी जिल्ह्याची हद्द ठरण्याआधी पक्षाच्या दप्तरी उमेदवार ठरले होते.

काँग्रेसची नावं ऑक्टोबरात आली. सौंसरला विजय चौरे आणि पांढुर्ण्याला निलेश उइके, दोघेही २०१८ मध्ये निवडून आलेले. १७ नोव्हेंबरला मतदान झालं, ३ डिसेंबरला मोजणी, आणि दोन्ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेल्या. लोकांनी मनापासून, रांगा लावून मतदान केलं. पण बटणासमोर छापलेली नावं कोणी ठरवली, कुठे बसून ठरवली, आणखी कोणाकोणाचा विचार झाला आणि त्यांना का वगळलं, यातलं काहीही रांगेतल्या माणसाला कोणी सांगितलं नाही. त्याने विचारलं असतं तरी सांगायला कोणी बांधील नव्हतं.

आपण याला ‘तिकीट’ म्हणतो. वर्तमानपत्रं ‘उमेदवारी’ लिहितात, पण सौंसरच्या बाजारात आणि पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर शब्द एकच, तिकीट. तिकीट मिळतं, तिकीट कापलं जातं, तिकिटासाठी माणसं भोपाळला जाऊन बसतात, तिथे जमलं नाही तर दिल्ली गाठतात. हे तिकीट खरोखर कागदाचं असतं. महाराष्ट्रात त्याला ‘एबी फॉर्म’ म्हणतात. निवडणूक आयोगाच्या १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाखाली हे दोन नमुने येतात. ‘अ’ नमुन्यात पक्ष कळवतो की उमेदवारांची नावं देण्याचा अधिकार अमुक व्यक्तीला आहे आणि तिची सही अशी आहे. ‘ब’ नमुन्यात ती व्यक्ती उमेदवाराचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि पत्ता लिहिते. शेजारी पर्यायी उमेदवारासाठी जागा असते. खाली एक दाखलाही असतो, की हा उमेदवार आमच्या पक्षाचा सभासद आहे आणि त्याचं नाव सभासदांच्या यादीत आहे. सही शाईची लागते, झेरॉक्स चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हा कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे. तीन वाजून गेले की पक्षाचं चिन्ह गेलं.

तो ‘ब’ नमुना एकदा नीट वाचून पाहा. त्यात सगळं आहे, पण ही निवड कशी झाली, कोणी केली, किती जणांनी केली, यासाठी एकही रकाना नाही. या प्रकरणात मी त्या नसलेल्या रकान्याबद्दल बोलणार आहे.

*

हा भाग कुठे वसला आहे ते आधी पाहायला हवं, कारण पक्षातला सहभाग म्हणजे काय हा प्रश्न इथल्या लोकांना इतरांपेक्षा जास्त टोचतो. संत्री आणि कापूस पिकवणारा, घरात मराठी बोलणारा हा पट्टा नागपूरला लागून आहे. दवाखाना, लग्नाचा बस्ता, मुलांचं कॉलेज, सगळ्यासाठी नागपूर. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत राजधानीसुद्धा नागपूरच होती, कारण जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार तिथूनच चालायचा. १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही. एका रात्रीत राजधानी भोपाळला गेली. पक्षांची प्रदेश कार्यालयंही तिकडेच गेली आणि त्यांचं बोलणं-लिहिणं हिंदीत होऊ लागलं. इथला माणूस हिंदी बोलतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. पण पक्षाच्या बैठकीत ज्या भाषेत भांडायचं, ती त्याच्या घरची भाषा राहिली नाही.

भाषा आणि पक्ष यांचा संबंध याच भूमीवर, नागपुरात, पहिल्यांदा नियमात लिहिला गेला होता. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते आणि अध्यक्षस्थानी विजयराघवाचारियर होते. असहकाराचा ठराव सगळ्यांना आठवतो. त्याच मंडपात गांधीजींनी तयार केलेली काँग्रेसची नवी घटनाही मंजूर झाली, तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. तोवर काँग्रेस म्हणजे वर्षातून एकदा भरणारी शिकलेल्या लोकांची सभा होती. या घटनेने तिला सभासद दिले. वर्षाला चार आणे भरायचे आणि पक्षाचं ध्येय मान्य असल्याचं लिहून द्यायचं, की कोणीही सभासद. खाली गाव आणि तालुका, त्यावर जिल्हा, त्यावर प्रांत, अशी कमिट्यांची उतरंड झाली. अधिवेशनाला किती प्रतिनिधी यायचे याचाही हिशेब ठरला, पन्नास हजार लोकसंख्येमागे एक. प्रांत इंग्रजांच्या नकाशावरचे नव्हते, ते भाषेचे होते. एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसने तीन प्रांत केले : मराठी मध्य प्रांत, हिंदुस्थानी मध्य प्रांत आणि वऱ्हाड. यामागचा विचार साधा होता. शेतकऱ्याला पक्षात बोलायचं असेल तर त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. अधिवेशन आटोपून आठवडाभरातच, ६ जानेवारी १९२१ ला, गांधीजी छिंदवाड्याला आले.

चार आणे ही रक्कम मला महत्त्वाची वाटते. ती गरिबालाही परवडणारी होती, पण फुकट नव्हती. चार आणे देणाऱ्याला पावती मिळायची, पावतीवर नाव असायचं आणि ते नाव यादीत चढायचं. त्या यादीतली माणसं खालची कमिटी निवडायची, खालची कमिटी वरची. पक्ष कोणाचा, याचं उत्तर एका वहीत लिहिलेलं असायचं. १९३४ मध्ये गांधीजी काँग्रेसमधून बाहेर पडले तेव्हाही ‘आता मी चार आण्यांचाही सभासद नाही’ हीच भाषा लोकांच्या तोंडी होती.

मग हे बदललं कधी? त्याचंही उत्तर याच प्रांतात आहे. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं सरकार आलं आणि नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. मंत्रिमंडळात मराठी भागाचे आणि महाकोशलचे, म्हणजे हिंदी भागाचे, असे दोन गट पडले. मे १९३८ मध्ये पचमढीला समेट झाला, पण तो टिकला नाही. जुलैमध्ये खऱ्यांनी पक्षश्रेष्ठींना न विचारता राजीनामा दिला. महाकोशलचे तीन मंत्री राजीनामा देईनात, तेव्हा गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी नवं मंत्रिमंडळ बनवलं. वर्ध्याला काँग्रेसचे वरिष्ठ जमले. त्यांच्या सांगण्यावरून खऱ्यांना ते मंत्रिमंडळ दोन-तीन दिवसांतच सोडावं लागलं आणि रविशंकर शुक्ल नेते झाले. १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच शुक्ल.

खऱ्यांचं वागणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पक्षाचे सहकारी गव्हर्नरच्या हातून काढले गेले, ही गोष्ट त्या काळी कोणालाच पचणारी नव्हती. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न खरा होता : प्रांताचा नेता आमदारांना आणि मतदारांना जबाबदार, की वर बसलेल्या चारपाच जणांना? गांधीजींनी त्याच ऑगस्टमध्ये ‘हरिजन’मध्ये याचं उत्तर दिलं. काँग्रेस इंग्रजांशी लढते आहे, लढणाऱ्या संघटनेला सैन्यासारखं एका हुकमावर चालावं लागतं, अशा अर्थाचं ते होतं. त्या क्षणी ते पटण्यासारखंच होतं. पुढे १९४७ साल आलं, इंग्रज गेले, लढाई संपली आणि हुकूम मात्र राहिला. ‘हायकमांड’ हा शब्द आज काँग्रेसवाला वापरतो तसाच भाजपवालाही वापरतो, शिवसैनिकही वापरतो. युद्धकाळासाठी काढलेली सोय शांततेच्या पंचाहत्तर वर्षांत कोणी परत घेतली नाही. भारतीय पक्षांच्या इतिहासातला हा सर्वांत महाग विसर आहे, असं माझं मत आहे.

*

तिकिटाच्या बाबतीत छिंदवाड्याच्या मतदारांनी एकदा उत्तर दिलं होतं आणि ते सौंसर-पांढुर्ण्याच्या लोकांनीही दिलं होतं, कारण लोकसभेला हे दोन्ही मतदारसंघ छिंदवाड्यात येतात. हा भाग काँग्रेसचा असा की १९७७ च्या जनता लाटेतही इथून काँग्रेसचाच खासदार गेला. १९८० पासून कमलनाथ निवडून येत होते. १९९६ मध्ये हवाला डायरीच्या वादामुळे पक्षाने त्यांना तिकीट दिलं नाही. ते प्रकरण पुढे न्यायालयात टिकलं नाही, पण तेव्हा वातावरण तापलेलं होतं. तिकीट त्यांच्या पत्नी अलका नाथ यांना मिळालं आणि त्या निवडून आल्या. थोड्याच काळात त्यांनी राजीनामा दिला, पोटनिवडणूक लागली आणि काँग्रेसकडून कमलनाथ स्वतः उभे राहिले. १९९७ च्या त्या पोटनिवडणुकीत भाजपचे सुंदरलाल पटवा जिंकले. पुढच्या वर्षी सार्वत्रिक निवडणुकीत लोकांनी कमलनाथांना परत निवडून दिलं. एका वर्षात दोन वेगळे निकाल. मतदार चंचल होते असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. जागा घरात ठेवण्याची सोय पक्षाने मतदारांना न विचारता केली, ती त्यांना रुचली नाही आणि बोलायला दुसरी जागा नव्हती म्हणून ते मतपेटीतून बोलले.

अशी संधी वारंवार येत नाही. २०२३ मध्ये छिंदवाडा लोकसभेतल्या सातही विधानसभा जागा काँग्रेसने जिंकल्या. मार्च २०२४ मध्ये अमरवाड्याचे आमदार कमलेश शाह भाजपमध्ये गेले आणि त्यांनी आमदारकी सोडली. जुलैच्या पोटनिवडणुकीत भाजपच्या चिन्हावर ते सुमारे तीन हजार मतांनी निवडून आले. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्याविरुद्ध दारोदार फिरलेल्या भाजप कार्यकर्त्यांना आता त्यांच्यासाठी फिरायचं होतं, आणि त्यांच्यासाठी फिरलेल्या काँग्रेसवाल्यांना त्यांच्याविरुद्ध. त्यापैकी कोणाला आधी कोणी विचारलं असेल का? खरं तर पन्नास घरांचा मतदार तोंडपाठ असलेल्या, ऊन न बघता चिठ्ठ्या वाटणाऱ्या याच माणसांच्या जोरावर पक्ष उभे असतात. ‘पन्ना प्रमुख’ हे पद मतदार यादीच्या एका पानावरून आलेलं आहे. त्या पानाबद्दल त्याला सगळं विचारतात, उमेदवाराबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

विचारण्याचे प्रयोग झालेच नाहीत असंही नाही. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने पंधरा-सोळा मतदारसंघांत पक्षाच्या कार्यकर्त्यांचं मतदान घेऊन उमेदवार ठरवले. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा, मध्य प्रदेशात इंदूर आणि मंदसौर. वर्धा म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. या चारही जागा पक्षाने गमावल्या. त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसला दोनच जागा मिळाल्या आणि मध्य प्रदेशातही दोनच, तेव्हा पराभवाचं खापर या पद्धतीवर फोडणं अन्यायाचं आहे. तरी पुढच्या वेळी तो प्रयोग पुन्हा झाला नाही. दुसरा प्रयोग डिसेंबर २०१८ चा. मध्य प्रदेशात काँग्रेस जिंकली आणि मुख्यमंत्री कोण, हा पेच पडला. राज्यभरातल्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर राहुल गांधींच्या आवाजातला निरोप आला, की तुमच्या पसंतीचं एक नाव सांगा, ते फक्त मला कळेल. हजारोंनी सांगितलं असेल. मुख्यमंत्री झाले छिंदवाड्याचेच कमलनाथ. कार्यकर्त्यांचा कौल काय होता, कोणाला किती मतं पडली, हे कधीच जाहीर झालं नाही. गुप्त मतदान म्हणजे मत कोणाचं ते गुप्त. इथे मोजणीच गुप्त राहिली.

२०२५ च्या जूनमध्ये काँग्रेसने राज्यात ‘संघटन सृजन अभियान’ काढलं. दिल्लीहून नेमलेले निरीक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले, कार्यकर्त्यांशी बोलले आणि ऑगस्टमध्ये ७१ जिल्हाध्यक्षांची यादी निघाली. ती दिल्लीहूनच निघाली. ऐकून घेणं आणि निवडू देणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढीच या अभियानाची मर्यादा. तरी काँग्रेसमध्ये अध्यक्षपदासाठी खरंखुरं मतदान अधूनमधून होतं. १९९७ मध्ये सीताराम केसरी यांच्याविरुद्ध शरद पवार आणि राजेश पायलट उभे होते. केसरींना ६,२२४, पवारांना ८८२ मतं पडली. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२. भाजपमध्ये राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी मतदानाची वेळ आजवर आलेली नाही. नागपूरचे नितीन गडकरी २००९ मध्ये असेच, बिनविरोध, अध्यक्ष झाले. भाजपची घटना अध्यक्षाच्या निवडणुकीची पद्धत तपशीलवार सांगते. ती पद्धत वापरात यावी लागते, एवढंच.

आणि सभासद? सप्टेंबर २०२४ मध्ये भाजपने नवी सदस्यता मोहीम सुरू केली. मिस्ड कॉल द्या, मेसेज येईल, माहिती भरा, सदस्य झालात. एका घरात बसून पाच मिनिटांत पाच सदस्य. दार इतकं सहज उघडतं हे चांगलंच आहे. पण चार आण्यांच्या पावतीमागे एक सभा होती, आणि त्या सभेत सभासदाला मत होतं. मिस्ड कॉलने झालेल्या सदस्याला पांढुर्ण्यात तिकीट कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या कोणत्या बैठकीचं बोलावणं येतं?

*

पक्षाची घटना असते, हेच अनेकांना ठाऊक नसतं. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली पक्षाला निवडणूक आयोगाकडे नोंदणी करावी लागते. त्या वेळी पक्षाची घटना जोडावी लागते आणि तिच्यात भारतीय संविधान, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांच्याशी निष्ठा लिहून द्यावी लागते. लिहून दिल्याप्रमाणे पक्ष वागला नाही तर? २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फसवणुकीसारखी काही मोजकी कारणं सोडली तर नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. विधी आयोगाने त्याआधीच, १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात, पक्षांतर्गत निवडणुका आणि हिशेब यांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घालायला सांगितलं होतं. ते आजही अहवालातच आहे.

मग ती घटना नुसता शोभेचा कागद आहे का? महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत याचं उत्तर पाहिलं, आणि फार महाग किमतीला. शिवसेनेत बाळासाहेबांचा शब्द शेवटचा होता. आयोगाच्या आग्रहामुळे १९९९ मध्ये पक्षाच्या घटनेत अंतर्गत निवडणुकांच्या तरतुदी आल्या. २०१८ मध्ये घटना बदलली गेली. २०२२ मध्ये पक्ष फुटला आणि खरी शिवसेना कोणती, हा वाद आयोगापुढे गेला. १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने नोंदवलं की २०१८ चा बदल त्याच्याकडे दाखलच नाही, आणि पदाधिकारी निवडीऐवजी नेमणुकीने आलेले असल्यामुळे त्यांच्या संख्येवर विसंबता येत नाही. घटनेची कसोटी बाजूला पडली, आमदार-खासदारांची डोकी मोजली गेली आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेला. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनीही आमदारांच्या अपात्रतेचा निकाल देताना १९९९ चीच घटना धरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या फुटीतही असंच घडलं. संघटनेतल्या निवडणुकांचे पुरावे खात्रीचे न ठरल्याने लोकप्रतिनिधींचं संख्याबळ निर्णायक ठरलं.

या निकालांवर बाजू घेऊन पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातली एकच गोष्ट पुढे आणायची आहे. शाखेवर आयुष्य घालवलेल्या लाखो शिवसैनिकांचं म्हणणं काय, हे मोजायला कुठलीही वही नव्हती. सभासदांची खरी यादी आणि त्यांनी मतदानाने निवडलेल्या कमिट्या असत्या, तर तराजूच्या पारड्यात त्यांचंही वजन पडलं असतं. १९२० मध्ये नागपुरात सुरू झालेली ती वही शंभर वर्षांनी मुंबईत सापडली नाही.

*

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातला घोळ सरळ आहे. कलम २९क नुसार वीस हजारांहून मोठी देणगी कोणी दिली, त्याचं नाव-पत्ता पक्षाने दरवर्षी आयोगाला कळवायचा. वीस हजारांखाली नाव नाही. रोखीची मर्यादा २०१७ पासून दोन हजार. विधानसभेच्या उमेदवाराने मध्य प्रदेशात ४० लाखांपर्यंत आणि लोकसभेच्या उमेदवाराने ९५ लाखांपर्यंत खर्च करायचा, पण पक्षाच्या खर्चाला कोणतीही मर्यादा नाही. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले आणि देणगीदार पूर्णच झाकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. दाद मागणाऱ्यांत असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष होते, शिवाय मध्य प्रदेशातल्या काँग्रेस कार्यकर्त्या जया ठाकूरही होत्या. मतदाराला जाणून घेण्याचा हक्क आहे, हा निकालाचा गाभा. विकल्या गेलेल्या १६,५१८ कोटींच्या रोख्यांचे तपशील मार्चमध्ये उघडे झाले. पांढुर्ण्याच्या लोकांनी लोकसभेला मतदान केलं ते १९ एप्रिलला, म्हणजे कोणी कोणाला किती दिले हे पहिल्यांदा कळल्यानंतर महिन्याभराच्या आत.

दहा रुपयांचा अर्ज देऊन नगरपालिकेकडून रस्त्याचं बिल मागता येतं. तोच अर्ज पक्षाकडे दिला तर? ३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला. सुभाषचंद्र अग्रवाल आणि अनिल बैरवाल यांनी तो मिळवला होता. सहापैकी एकाही पक्षाने तो पाळला नाही. २०१५ मध्ये आयोगानेच कबूल केलं की निर्णय अमलात आणायची ताकद आपल्याकडे नाही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या एका बाबतीत एकत्र होते, आणि हे लिहिताना मला आजही राग येतो.

तरी एक फट आहे. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना सांगितलं की गुन्हे दाखल असलेल्या माणसाला तिकीट दिलं तर का दिलं, हे जाहीर करा. एका स्थानिक भाषेतल्या आणि एका राष्ट्रीय वर्तमानपत्रात, शिवाय पक्षाच्या समाजमाध्यमांवर, निवडीनंतर अठ्ठेचाळीस तासांत. ‘निवडून येण्याची शक्यता’ हे कारण पुरेसं नाही, दुसरा स्वच्छ माणूस का मिळाला नाही तेही सांगा. या नमुन्याला सी-७ म्हणतात. देशात पक्षाला तिकिटाचं कारण लेखी द्यावं लागतं अशी एवढीच एक जागा आहे. कारणं पुष्कळदा ठोकळेबाज असतात. पण वाचणाऱ्याने ती कापून ठेवली, पुढच्या निवडणुकीत शेजारी ठेवली आणि बूथवर चिठ्ठी द्यायला आलेल्याला दाखवली, तर ठोकळा तसाच राहत नाही.

मध्य प्रदेशाला नवं करून पाहायचं वावडं नाही, हेही सांगायला हवं. नगरपालिकेच्या थेट निवडलेल्या अध्यक्षाला परत बोलावण्याचा अधिकार देशात इथेच आधी वापरला गेला. तीन चतुर्थांश पार्षदांनी, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकांनी, मागणी केली की शहराने मतदान करायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असायची, भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. माणूस राहू दे की जाऊ दे, हे न वाचता येणाऱ्यालाही कळायचं. २०२२ मध्ये नगरपालिकांचे अध्यक्ष पुन्हा पार्षदांमधून निवडले गेले आणि खुर्ची लोकांच्या हातून पक्षांच्या बैठकीत गेली.

*

जर्मनीत १९४९ च्या संविधानातच, कलम २१ मध्ये, लिहिलं आहे की पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे आणि पैसा कुठून आला ते त्यांनी उघडपणे सांगितलं पाहिजे. हिटलरचा पक्षही निवडणुका लढवूनच सत्तेवर आला होता, आणि त्या पक्षात एकाच माणसाचा शब्द चालायचा, हे विसरायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून तिथे मतदारसंघाचा उमेदवार त्या मतदारसंघातले पक्षसभासद किंवा त्यांनी निवडलेले प्रतिनिधी गुप्त मतदानाने ठरवतात.

हे कागदावरच राहत नाही, त्याचा दाखला हॅम्बुर्ग शहराचा आहे. जर्मनीत हे शहर स्वतःच एक राज्य आहे. १९९१ मध्ये तिथे विधानसभेची निवडणूक झाली. ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारांची यादी ज्या रीतीने मंजूर करून घेतली ती लोकशाहीला धरून नव्हती, अशी तक्रार झाली. तक्रार करणाऱ्यांत पक्षाचे सभासद मार्कुस वेग्नर होते. मे १९९३ मध्ये हॅम्बुर्गच्या घटना न्यायालयाने ती तक्रार मान्य केली आणि एका पक्षाची नव्हे, सगळ्या शहराची निवडणूक रद्द ठरवली. उमेदवार ठरवण्याची बैठक ही पक्षाची खासगी बाब नाही, ती निवडणुकीचाच पहिला टप्पा आहे, असं त्यामागचं तर्कशास्त्र. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं, आणि वेग्नर यांनी काढलेला नवा पक्ष सभागृहात गेला.

आता दोन कागद शेजारी ठेवू. पहिला आपला ‘ब’ नमुना. उमेदवाराचं नाव, पत्ता, पर्यायी नाव, सभासद असल्याचा दाखला, शाईची सही, दुपारी तीनच्या आत. दुसरा, जर्मन उमेदवाराच्या अर्जाला जोडावा लागणारा बैठकीचा वृत्तांत. बैठक कुठे झाली, केव्हा झाली, बोलावणं कसं पाठवलं, किती सभासद हजर होते, मतदानाचा निकाल काय लागला. खाली बैठक चालवणाऱ्याची आणि हजर असलेल्या दोन सभासदांची शपथेच्या तोलाची हमी, की मतदान गुप्त झालं. हा कागद नसेल तर अर्ज स्वीकारला जात नाही, मग पक्ष कितीही मोठा असो. सौंसरच्या पुढच्या उमेदवाराचा अर्ज भरला जाईल तेव्हा त्याला असा एक कागद जोडायचा म्हटलं, तर ‘हजर सभासद’ या रकान्यात आज कुठला आकडा लिहिता येईल?